आंबेनळी घाटात ब्रेक पेडल तळाला गेलं... टायर बदलू, डिस्क बसवू की गाडीच विकू?

कोथरूडी
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण नीट सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागायचा.

माझ्याकडे २०१६ ची पोलो जीटी टीएसआय आहे, १.२ टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, सात गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). २०२१ ला सेकंडहँड घेतली. गाडीवर माझा जीव आहे हे आधीच कबूल करतो. आपल्या चाकणला बनलेली एवढीशी गाडी, पण वळणावर टाकली की कुठे हलत नाही, आणि स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं.

मागच्या महिन्यात महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो. बायको, चार वर्षांची लेक, डिकी गच्च भरलेली, पाऊस नुकताच थांबलेला. गिअर डी मध्ये आणि दर वळणाआधी ब्रेक, जसं सगळे करतात तसं. प्रतापगडचा फाटा मागे पडला आणि थोड्या वेळाने पेडल मऊ लागायला लागलं. मग एका वळणावर पाय दाबला तर उशीत रुतावा तसा खालपर्यंत गेला, गाडी तशीच पुढे. भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर कुठे थोडा ब्रेक लागला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावं चाक घालून थांबवली. कोणाला खरचटलंही नाही. अर्धा तास थांबलो आणि पेडल आपोआप परत नॉर्मल! पुढे पोलादपूरपर्यंत वीसच्या स्पीडने आलो, हात थरथरत होते.

पुण्यात गॅरेजला दाखवली, ते म्हणाले पॅड चांगले आहेत, ऑइल लेव्हल बरोबर आहे, काही प्रॉब्लेम नाही. अ‍ॅक्सेसरीजवाला म्हणतो १७ इंची अलॉय आणि २०५/४५ टायर टाका, मागे ड्रम काढून डिस्क बसवू, मग बघा कशी थांबते. बायको म्हणते विकून टाक आणि पाच स्टारवाली सहा एअरबॅगची गाडी घे. मला तिघांपैकी कोणाचं ऐकू कळत नाहीये.

घाटवाट
सगळे सुखरूप आहात हे सगळ्यात महत्त्वाचं. पैसे खर्च करायच्या आधी दोन प्रश्न. पेडल मऊ होऊन खाली गेलं की दगडासारखं कडक झालं आणि तरी गाडी थांबेना? आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय?

कोथरूडी
मऊ. अगदी मऊ. आणि ब्रेक ऑइल... सगळी बिलं काढून बसलो आत्ता. सगळीकडे "टॉप-अप" लिहिलंय, बदलल्याची नोंद एकाही बिलावर नाही.

घाटवाट
मग तुमचं ब्रेक ऑइल उकळलं. अक्षरशः उकळलं.

घाटात ब्रेक दोन वेगळ्या प्रकारे जातात आणि लोक दोन्हीला "ब्रेक फेल" म्हणतात. पहिला प्रकार पॅडचा: पॅड इतके तापतात की डिस्कला धरतच नाहीत, पेडल कडक असतं, जीव खाऊन दाबलं तरी गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो. दुसरा प्रकार तुमचा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, रबरी होजमधूनसुद्धा, हळूहळू वर्षानुवर्षं. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ वर येते. आता पाय दाबला की ऑइलने पिस्टन ढकलायला हवा, पण कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ऑइलची वाफ झालेली असते आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून उशी! अर्ध्या तासात गार झालं, वाफेचं परत ऑइल झालं, पेडल नॉर्मल. म्हणूनच पुण्यात गॅरेजला काहीच सापडलं नाही. लेव्हल बरोबर असणं आणि ऑइल चांगलं असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उष्णता किती होते तेही बघा. गाडी साधारण अकराशे किलो, तुम्ही तिघे आणि सामान धरून साडेतेराशे. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आणि पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला, म्हणजे तुम्ही सव्वा किलोमीटर खाली आलात. ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. हिशेब केला तर साधारण ५० लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता होते. यातली काही हवा आणि टायर खातात, काही इंजिनने खायला हवी, पण डी मध्ये पाय काढला की डीएसजी पेट्रोल वाचवायला वरचा गिअर टाकते आणि इंजिन फारसं अडवत नाही. मग बहुतेक सगळा भार दोन पुढच्या डिस्कवर.

नानाकाका_सांगली
माझी पद्मिनी होती, चारही चाकांना ड्रम. आंबोली, आंबा, फोंडा सगळे घाट तिने उतरले. आम्हाला शिकवणारे ड्रायव्हर एकच सांगायचे, ज्या गिअरात घाट चढतोस त्याच गिअरात उतरायचा. चढताना दुसरा लागत असेल तर उतरतानाही दुसराच.

आणि उतारावर इंजिन बंद करायचं नाही. काही जण अजूनही पेट्रोल वाचवायला करतात. इंजिन बंद झालं की बूस्टरची (पायाचा जोर वाढवणारा भाग) मदत दोन-तीन दाबांत संपते, मग पायात पैलवानाची ताकद लागते.

पाना_१२नंबर
काकांना सलाम. माझं सातारा रोडला छोटं गॅरेज आहे, म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

ब्रेक ऑइल बदलायचं म्हणजे वरच्या डब्यातलं ओढून नवीन भरायचं असं नाही. उकळतं ते खाली कॅलिपरमधलं. चारही चाकांच्या निपलमधून जुनं ऑइल बाहेर यायला हवं, आणि शेवटी एअर काढायची. समोर उभं राहून बघा, पारदर्शक नळी लावायला सांगा. चांगलं ऑइल फिकट पिवळं, बाटलीतल्या तेलासारखं. तुमचं बहुतेक कोऱ्या चहासारखं निघेल. पेनासारखा एक टेस्टर मिळतो, डब्यात बुडवला की ओल दाखवतो, पण मी त्याच्या भरवशावर बसत नाही, दोन वर्षं झाली की बदलून टाकतो. अख्खं काम तासाभराचं आहे. सोबत कॅलिपरच्या पिना सोडवून ग्रीस करायला सांगा, पिन जाम असली की पॅड सतत घासत राहतो आणि घाटात तेच चाक आधी तापतं.

मागे डिस्क बसवायच्या भानगडीत पडू नका. का ते जेवून आल्यावर लिहितो.

मुलुंडची_सावनी
मला एक कळलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगितलं होतं की एबीएसच्या गाडीत ब्रेक पंप करायचा नाही, एकदाच जोरात दाबून धरायचा. इथे धागाकर्त्याने पंप केला म्हणून वाचले. नक्की काय करायचं?

घाटवाट
खूप चांगला प्रश्न, आणि दोन्ही बरोबर आहे. समोर अचानक म्हैस आली, पेडल कडक आहे, तर पूर्ण ताकदीने दाबायचं आणि धरून ठेवायचं. चाक लॉक व्हायला लागलं की एबीएस स्वतः सेकंदाला कितीतरी वेळा प्रेशर सोडतं-धरतं, पायाखाली थरथर लागते आणि त्यामुळे ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. त्या थरथरीला घाबरून बरेच जण पाय उचलतात, तिथेच घोटाळा होतो. पण पेडलच खाली जात असेल तर एबीएसचा प्रश्नच नाही, आधी ऑइलचं प्रेशर तयार व्हायला हवं. मग पंप, खालचा गिअर आणि हँडब्रेक हळूहळू. धागाकर्त्याने योग्य तेच केलं.

अबार्थवेडा
पाना, जेवून येईपर्यंत मी विरोधी पक्षात बसतो 😄

माझ्याकडे पुंटो अबार्थ आहे, रांजणगावची, १.४ टी-जेट, १४५ पीएस, आणि चारही चाकांना डिस्क. पेडलचा फील असा की किती मिलिमीटर दाबलं आणि किती ब्रेक लागला ते तळपायाला कळतं. त्यामुळे "मागे ड्रम पुरे" हे मला पटत नाही. आणि रुंद टायरने ग्रिप वाढते हे तर उघड आहे, म्हणून तर रेसच्या गाड्यांना रुंद टायर असतात.

पाना_१२नंबर
जेवलो. अबार्थसाहेब, तुमच्या गाडीला कंपनीने डिस्क दिल्यात म्हणजे मास्टर सिलिंडर, बूस्टर, मागच्या ब्रेकला किती प्रेशर जायचं, सगळं त्या डिस्कच्या हिशेबाने ठरवलेलं आहे. ती गाडी तशीच जन्माला आली.

यांच्या पोलोत ते सगळं ड्रमच्या हिशेबाने आहे. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा हलक्या गाडीत जोरात ब्रेक मारताना जवळपास पाऊण काम पुढची चाकं करतात. मागच्या चाकांवर वजनच नसतं. तिथे जास्त ताकदीचा ब्रेक लावला तर चाक लवकर लॉक व्हायला बघणार आणि मागचं चाक लॉक झालं तर गाडी फिरते. एबीएस सांभाळेल म्हणाल, पण एबीएसचं गणितही जुन्याच ब्रेकवर शिकवलेलं असतं. कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचे कॅलिपर आणून ब्रॅकेट वेल्डिंग केलेली एक गाडी माझ्याकडे आली होती, ब्रॅकेटला केसाएवढी चीर होती. मालकाला दाखवली तर तो तिथेच खाली बसला.

अबार्थवेडा
वेल्डिंगवाल्या ब्रॅकेटचं मान्य, ते भयंकर आहे. डिस्कचा मुद्दा मागे घेतो. टायरचा अजून घेत नाही.

गणिती_चिंचवड
टायरवर मी येतो.

यांच्या गाडीचा मूळ साइज १८५/६० आर १५. साइडवॉल १८५ च्या ६० टक्के म्हणजे १११ मिमी. २०५/४५ आर १७ ची साइडवॉल ९२ मिमी. बाहेरचा व्यास ६०३ वरून ६१६, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक, त्यात फार काही नाही. पण रिम मोठी आणि बहुतेक जड, आणि खड्ड्याचा दणका झेलायला १९ मिमी रबर कमी. आपल्या रस्त्यांवर रिम वाकणार, टायरला फुगा येणार. खडबडीत वळणावर जड चाक उसळतं, आणि उसळलेल्या चाकाला ग्रिप शून्य.

रुंद टायरने जमिनीला टेकणारा भाग वाढतो असं वाटतं पण हवेचं प्रेशर तेच ठेवलं तर क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. साडेतेराशे किलो भागिले चार, ३२ पीएसआय हवा, उत्तर येतं एका टायरला सुमारे १५० चौरस सेंटिमीटर. पसरलेला तळहात. आकार बदलतो, लांबट तळहाताचा आडवा होतो, कोरड्या वळणावर त्याचा थोडा फायदा आहे हे अबार्थवेडा यांचं बरोबर. पण पाणी साचलेल्या रस्त्यावर आडवा टायर लवकर तरंगतो.

चार तळहात. ब्रेक, एबीएस, ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), स्टिअरिंग सगळं त्या चार तळहातांतून जातं. ब्रेक फक्त चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर.

नवखा_ड्रायव्हर
चार तळहात हे डोक्यात बसलं. वाचतोय, लिहीत राहा.

रानवाटा_गोंय
चोर्ला घाटातला माझा अनुभव सांगतो, हँडलिंगबद्दल आहे.

पहिल्या पावसात रस्त्यावर तांबडी माती येते, वर सुकी पानं. मी एका उजव्या वळणात जरा जास्त स्पीडने शिरलो, पुढे बस दिसली आणि घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला, ब्रेकलाही हात... म्हणजे पाय लावला. गाडीचं मागचं अंग बाहेर सरकायला लागलं. छोटी हॅचबॅक, ईएसपी नसलेली. स्टिअरिंग उलटं फिरवून कशीबशी सरळ झाली. बसवाल्याने खिडकीतून दोन्ही हात जोडले.

नंतर समजलं असं का झालं. वळणात मध्येच पाय काढला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागचं अंग सुटतं. ज्या गाड्या वळणात चपळ वाटतात त्यांच्यात हे जास्त होतं, तो चपळपणा आणि हे सुटणं एकाच मुळातून येतं. त्या दिवसापासून ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात पाय अगदी हलका आणि स्थिर.

श्टुटगार्टकर
रानवाटा, हेच सगळं गाडीने स्वतः सांभाळावं म्हणून ईएसपी आलं, आणि छोट्या गाड्यांत ते कसं आलं ही गोष्ट आमच्या गावचीच, मर्सिडीजच्या श्टुटगार्टची आहे.

एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या एस-क्लासमध्ये आलं, ईएसपी १९९५ ला, तेही महागड्या गाडीत. मग १९९७ ला मर्सिडीजने छोटी, उंच ए-क्लास काढली. ऑक्टोबरमध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने तिची एल्क टेस्ट घेतली. तिकडे जंगलातून एल्क नावाचं उंच हरीण अचानक रस्त्यावर येतं, म्हणून ब्रेक न मारता झटकन डावीकडे आणि लगेच परत उजवीकडे आणायची. ए-क्लास उलटली. जगभर गवगवा झाला. कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या, सस्पेंशन बदललं आणि त्या छोट्या गाडीला ईएसपी स्टँडर्ड दिलं. त्यानंतर बाकी छोट्या गाड्यांतही ते यायला लागलं.

ते करतं काय: स्टिअरिंग किती फिरवलंय ते एक सेन्सर बघतो, गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय ते दुसरा. दोन्ही जुळले नाहीत की एकाच चाकाला ब्रेक मारतं. नाक सरळच जात असेल तर आतल्या बाजूचं मागचं चाक, मागचं अंग सुटत असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक. माणसाकडे चार ब्रेक पेडल नसतात, याच्याकडे असतात.

इथे मी एकदा सेफ्टी ट्रेनिंगला गेलो होतो. जमिनीत एक लोखंडी प्लेट असते, तुमचं मागचं चाक तिच्यावर आलं की ती बाजूला झटका देते, पुढे ओला गुळगुळीत रस्ता. ईएसपी बंद करून ताशी ४० ला गेलो तर गाडी दोनदा गोल फिरली. चालू करून तेवढ्याच स्पीडने गेलो तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला, चाकातून कुरकुर आवाज आला आणि गाडी सरळ. मग ट्रेनरने स्पीड थोडा थोडा वाढवायला लावला. साठला ईएसपी चालू असूनही फिरली. ग्रिप संपली की त्याच्याकडेही वाटायला काही उरत नाही.

कोथरूडी, तुमच्या जीटी टीएसआयला ईएसपी आहे. त्या काळी त्या वर्गात फार कमी गाड्यांना होतं. विकायच्या आधी याचा विचार करा.

नेक्सॉनवाला_नगर
माझं मत वेगळं आहे. वहिनी बरोबर बोलतायत. २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आदळून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) पाच स्टार मिळाले, भारतात बनलेली तशी ती पहिली गाडी. लोक हँडलिंगच्या गप्पा मारतात, पण समोरचा ट्रकवाला राँग साइडने आला तर तुमचं हँडलिंग काय करणार? तिथे पत्रा आणि एअरबॅगच कामाला येतात. स्विफ्ट बघा, चालवायला मस्त पण २०१८ ला दोन स्टार.

मुलुंडची_सावनी
नेक्सॉनवाला, सहमत, पण पोलोचा इतिहासही बघा. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने पहिल्यांदा भारतातल्या पाच गाड्या ताशी ६४ ने आदळल्या, अल्टो, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या सगळ्यांना शून्य. पण पोलोचा सांगाडा टिकला होता, आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार स्टार मिळाले. त्यानंतर कंपनीने बिनाएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं. म्हणजे ही काही कचकड्याची गाडी नाही.

तरी २०१४ चे चार स्टार आणि आजचे चार स्टार एकच धरू नका. तेव्हा फक्त समोरून आदळायचे. आता बाजूने धडक बघतात, खांबाची टेस्ट असते, ईएसपी नसेल तर पाच स्टार मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून आपलं भारत एनकॅपही सुरू झालंय. स्विफ्टची भावंड असलेल्या नव्या डिझायरने २०२४ ला पाच स्टार आणले, म्हणजे हलक्या गाडीलाही जमतं, कंपनीने मनावर घ्यावं लागतं.

आणि कोथरूडी, तुम्ही इतकं सगळं लिहिलंत पण चार वर्षांची मुलगी गाडीत कुठे बसली होती?

कोथरूडी
मागे. आईच्या मांडीवर झोपली होती.

मुलुंडची_सावनी
मग स्टार, डिस्क, अलॉय सगळं बाजूला ठेवा आणि आधी तिची सीट घ्या. रागावत नाहीये, आम्हीही पहिली दोन वर्षं हेच केलं. ताशी ६४ ला आदळणं म्हणजे १६ मीटरवरून, पाचव्या मजल्यावरून पडणं. पंधरा किलोचं मूल त्या क्षणी कुठल्याच आईच्या हातात राहू शकत नाही, आणि आईने बेल्ट लावला नसेल तर तिचं सगळं वजन मुलीवर येतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट हवीच असं कायदाही सांगतो, हजार रुपये दंड आहे. वय आणि वजन बघून सीट घ्या, आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट अडकवायचे) हूक मागच्या सीटच्या फटीत हात घालून चाचपा, नसतील तर बेल्टने बसणारी मिळते. पहिला आठवडा रडेल. मग सवय होते.

कोथरूडी
आजच ऑर्डर करतो. खरंच.

गणिती_चिंचवड
नेक्सॉनवाला आणि सावनी दोघांच्या मुद्द्यांना जोडणारं एक गणित काल रात्री करून बघितलं.

ओला रस्ता, ताशी १००, दोन सारख्या गाड्या, सारखे ब्रेक, दोघांनी एकाच खांबापाशी ब्रेक मारला. चांगल्या टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.७ धरू, जुन्या कडक टायरची ०.४. पहिली गाडी ५६ मीटरवर थांबते. त्याच जागेवरून दुसरी गाडी पुढे जात असते, तिचा स्पीड किती असेल? ताशी ६५!

म्हणजे क्रॅश टेस्टमध्ये जेवढ्याने आदळतात तेवढा. एक गाडी थांबून उभी आणि दुसरी टेस्टच्या स्पीडने आदळतेय, फरक फक्त टायरचा. स्टार हवेतच, कारण ट्रकवाला आपल्या हातात नाही. पण ते सगळं हुकल्यानंतर कामाला येतात.

कोथरूडी, टायर कधीचे आहेत? बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष.

कोथरूडी
पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन गेलो होतो. तीन टायर आतून वाकून बघावे लागले, आकडे आतल्या बाजूला. ३८१५. चारही ३८१५.

नक्षी मात्र चांगली आहे हो, चार मिमी तरी असेल.

पाना_१२नंबर
सप्टेंबर २०१५! गाडीसोबत आलेलेच टायर. आधीच्या मालकाने गाडी कमी चालवली असणार, म्हणून नक्षी शिल्लक. कायद्याने १.६ मिमी पुरते पण रबर म्हातारं होतं. नख रुतवून बघा, रुतणार नाही. नक्षीच्या मुळाशी बारीक भेगा दिसतील. टायर गोटा झाला की लोकांना कळतं, कडक झालेला कळत नाही.

मूळ साइजच घ्या, चांगल्या प्रतीचा, ओल्या रस्त्यावर पकड चांगली असलेला. अलाइनमेंट-बॅलन्सिंग करा. आणि हवेचं प्रेशर पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलंय तेवढं, सामान भरलं असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो. टायर गार असताना मोजायचं.

अबार्थवेडा
गणितीसाहेब, ६५ वाला हिशेब वाचून मी पण खाली जाऊन आलो. माझे २०१८ चे आहेत. पुढच्या पगाराला बदलणार. रुंद नाही, मूळ साइज 🙏

नेक्सॉनवाला_नगर
समृद्धीला सतत १२० ने जाणाऱ्यांनी तर नक्कीच बघा. कमी हवा, जुना टायर आणि दुपारचं ऊन, तीन एकत्र आले की टायर फुटतो. पाच स्टारच्या गाडीलाही टायर तेच चार. एवढं मान्य करतो.

नानाकाका_सांगली
धागाकर्ते, काम झालं की त्याच घाटात परत जाऊन या. भीती मनात ठेवून गाडी चालवू नये.

घाटवाट
आणि जाताना तापमान मोजायची ती पिस्तुलासारखी बंदूक न्या, हजार-दीड हजारात मिळते. खाली उतरल्यावर लगेच पुढच्या डिस्कवर मारा. आकडे इथे टाका.

कोथरूडी
तीन आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल माफी.

ब्रेक ऑइल उभं राहून बदलून घेतलं. पाना, चहासुद्धा बरा, डाव्या पुढच्या चाकातून काळपट आणि गढूळ निघालं. त्याच चाकाच्या कॅलिपरची खालची पिन जाम होती, पाना आणि हातोडी दोन्ही लागलं. पॅड एका बाजूने जास्त झिजलेला. सीलबंद डब्यातलं डॉट ४ भरलं. चार टायर नवीन, १८५/६० आर १५च. पहिल्याच पावसात एनडीए रोडच्या वळणावर फरक कळला, आधी नाक किंचित बाहेर सरकायचं आणि मी त्याला "स्पोर्टी फील" समजत होतो.

सीट आली. पहिले चार दिवस रडारड, आता "माझी खुर्ची" म्हणते.

काल परत महाबळेश्वरहून पोलादपूर. डीएसजी मॅन्युअलला घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये, वळणाआधी एकदाच नीट ब्रेक आणि सोडून द्यायचा, सतत पाय ठेवायचा नाही. इंजिन तीन-साडेतीन हजारावर घुमत होतं, बायकोने दोनदा विचारलं की काही बिघडलंय का. ज्या गटारात चाक घातलं होतं तिथे थांबलो, दगडावर रिमचा पांढरा ओरखडा अजून आहे. पोलादपूर एसटी स्टँडजवळ उतरून मोजलं: डावी डिस्क १३१, उजवी १२७, मागचे ड्रम ५८ आणि ५५. दोन्ही बाजू जवळपास सारख्या, पेडल शेवटपर्यंत कडक.

गाडी विकत नाही. बायकोशी ठरलंय की लेक शाळेत पहिलीला गेली की दुसरी गाडी बघायची, आणि तेव्हा सहा एअरबॅग आणि पाच स्टारच्या खाली काहीच बघायचं नाही. तोपर्यंत ही.

घाटवाट
१३१ आणि १२७, मस्त. ताज्या ऑइलच्या मर्यादेपासून पुष्कळ लांब. पिन जाम असताना डावं चाक किती तापलं असेल विचार करा.

पाना_१२नंबर
बिलावर "ब्रेक ऑइल बदलले" असं तारखेसकट लिहून घेतलंत ना? टॉप-अप नाही, बदलले.

कोथरूडी
घेतलं, किलोमीटरसकट. आणि एका चिठ्ठीवर तारीख लिहून बॉनेटच्या आत चिकटवलीय.

नानाकाका_सांगली
छान. परत येताना घाट चढलात कोणत्या गिअरात?

कोथरूडी
बराचसा दुसऱ्यातच, काका.